पाठीतल्या पाण्याचा आकडा

९ जानेवारी, गुरुवार

आज माझ्या पाठीतलं, म्हणजे मणक्यातलं, पाणी निघालं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठीतलं पाणी नळ्यांत भरून गोठवते आहे, पण स्वतः कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. सुई आत जाताना भिंतीवरच्या फरशा मोजत होते. अठ्ठावीस भरल्या, पुढचं भान राहिलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेचा अभ्यास असा: एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा रोग) झालेलं एक माणूस आणि त्याचं धडधाकट भावंड, अशा चाळीस जोड्या. दोघांच्या पाठीतलं पाणी दर वर्षी काढायचं आणि त्यात काय काय उतरलंय ते मोजायचं. वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या आत रोग पुढे सरकतोय का, हे त्या पाण्यावरून आधीच ओळखता येतं का, एवढाच प्रश्न. जोडी सतरा म्हणजे धाकटी आणि मी. धाकटी माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. बंदरात क्रेन चालवते. सहा वर्षांपासून तिला एमएस आहे. धडधाकट भावंड ते मी, हे वेगळं लिहायला नको.

धाकटीचं जहाज उशिरा लागलं, म्हणून अकराला येणारी ती दीडला उगवली. आमच्या प्रमुख डॉक्टर (पाठीमागे आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, तोंडावर मॅडम) म्हणाल्या, खोली रिकामी आहे, तुम्ही तोवर उरकून घ्या. मी उरकून घेतलं. धाकटी आली तेव्हा मी उताणी पडून होते. मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं तिला ठोकून दिलं. तिचा हात धरून बसायचं मनात होतं, पण मला उठायची परवानगी नव्हती, मग पडद्याच्या अलीकडून नुसती बडबडत राहिले. शेवटी तीच म्हणाली, ताई, जरा गप्प बस, मला घाबरू दे.

फॉर्मवर शेवटी दोन चौकोन असतात. ‘माझा आकडा मला कळवावा’ आणि ‘कळवू नये’. मी अर्थातच पहिल्यावर खूण केली. धाकटीने दुसऱ्यावर. म्हणाली, वर केबिनमध्ये वारा किती आहे तेवढा आकडा मला पुरतो. मला काही हे पटलेलं नाही. जे मोजता येतं ते माहीत नको असणारी माणसं मला कळतच नाहीत.

आमच्या नळ्यांना मी हात लावायचा नाही, या अटीवर मला अभ्यासात घेतलंय. पट्टी ते डोळ्यांत तेल घालून पाहतो. पट्टी म्हणजे माझा सहकारी. खिशात स्टीलची फूटपट्टी असते आणि डोक्यातही तीच. आज त्याने आमच्या नळ्या एकामागून एक माझ्या नाकासमोरून नेल्या आणि म्हणाला, “नियम आहे.” जशी काही मी त्या पळवणार होते.

११ जानेवारी, शनिवार

डोकं ठणकतंय. उठलं की जास्त, पडलं की कमी. हे होतं, मीच शंभर जणांना सांगितलंय. सांगताना इतकं सोपं वाटायचं. यांनी अंडी उकडली आणि घरभर तीन वेळा विचारलं की मीठ कुठे असतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला एकोणीस वर्षांत मिठाची जागा सापडू नये.

धाकटीचा फोन आला. ती कालच कामावर गेली. डोकंबिकं काही नाही म्हणे.

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या मुलींना आज मोजणी शिकवली. मज्जातंतू म्हणजे तार समजा, म्हटलं, आणि तारेच्या आत बारीक धागे. तार मोडली की धागे पाण्यात उतरतात. त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणायचं. पाण्यात धागे जितके जास्त, तितकी आत मोडतोड जास्त. माणूस हसत-खेळत असला तरी पाणी खोटं बोलत नाही. हे शेवटचं वाक्य मी दर वर्षी म्हणते आणि ते सगळ्यांना आवडतं.

मग एकीने विचारलं, रुग्ण कोण आणि भावंड कोण हे आपल्याला कसं कळतं? कळू नये असंच ठेवलंय. नळीवर नाव नसतं, जोडीचा नंबर आणि पुढे अ किंवा ब. जी नळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी आधी पोचेल ती अ. कागदावर फार हुशारीचं आहे. प्रत्यक्षात रुग्णाला नेहमी आधी घेतात, कारण त्याला नंतर जास्त वेळ पडून राहायचं असतं. त्यामुळे अ म्हणजे रुग्ण, हे आमच्या लादी पुसणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. पट्टी तेवढा कानावर हात ठेवतो.

दिवसभर उजव्या बुटात खडा गेल्यासारखं वाटत होतं. दोनदा काढून झटकला, काही नव्हतं. बूट बदलायला झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीकडे जेवले. ती मजेत आहे. दोन कंटेनरच्या मधल्या फटीत एक मांजर अडकलं होतं, ते तिने वरून पाहिलं आणि अर्धं बंदर थांबवलं. मुकादम म्हणाला, मांजर का दिसतं तुला? ती म्हणाली, मला दिसतं म्हणूनच तुम्ही मला वर बसवता. हे सांगताना ती उभी राहून दोन्ही हातांनी क्रेनचे दांडे हलवून दाखवत होती. चाळीस मीटर उंचीवरच्या त्या काचेच्या खोलीबद्दल बोलायला लागली की तिला जेवणही आठवत नाही.

मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, आत्ता सांगितलं की. मी म्हटलं, तसं नाही, हातपाय. तिने ताट उचललं आणि आत गेली. आल्यावर म्हणाली, तू मला दारात विचारलंस, जेवताना विचारलंस, आता निघताना विचारशील. निघताना मी विचारलं नाही. जिन्यात आल्यावर फोन करून विचारलं.

११ मार्च, मंगळवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

पट्टी तापाने आडवा आहे. मोठ्या बाई परगावी, परिषदेला. यंत्र उद्यापासून दुसऱ्या विभागाला द्यायचं होतं आणि सहा जोड्या मोजायच्या राहिल्या होत्या, त्यांत सतराही. सतराच्या नळ्या मी बाजूला काढून ठेवल्या. चहा घेऊन आले. मग त्या परत ट्रेमध्ये ठेवल्या. काम अडू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. आणखी काय सांगणार?

भरताना हातातली पिपेट एकदा निसटली. माझ्या हातून कधी निसटत नाही. बोटं थरथरत असणार.

चार वाजता पडद्यावर आकडे आले. आमच्या वयाला सहाशेच्या आसपास म्हणजे ठीक. १७-अ: २८६०. १७-ब: ५१२. ब कडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

१२ मार्च, बुधवार

२८६०.

१६ मार्च, रविवार

चार दिवस घरात नुसती येरझारा घालते आहे. हे म्हणाले, बस जरा, चटई झिजेल. मी यांच्यावर खेकसले. सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काय करायचं? नियमाप्रमाणे काहीच नाही. आकडे अभ्यास संपल्यावर उघडायचे, आणि धाकटीने तर ‘कळवू नये’ म्हटलंय. पण नियम करताना कुणाच्या डोळ्यांसमोर चाळीस मीटर उंच शिडी होती? लिफ्ट अर्ध्यापर्यंतच जाते. पुढे ती हाताने चढते. एक दिवस मध्येच हाताने दगा दिला तर? तिची गोळी सौम्य आहे. आत मोडतोड चालू असेल तर जबर औषध सुरू करायला हवं. माझ्याजवळ हे सगळं आहे आणि मी तोंड शिवून बसायचं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. ती टेबलावर कुशीला वळलेली, मी तिचा हात धरलेला, आणि मग माझी पाळी. तिची बोटं इतकी गार होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

२३ मार्च, रविवार

धाकटीकडे न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. तिला न विचारता मिस्त्रीला घेऊन गेले. ती कामावरून आली आणि दांड्याकडे बघत राहिली. म्हणाली, टॉवेल टाकायला बरा आहे. मग म्हणाली, “ताई, तुला काय झालंय?”

मला काही झालेलं नाही. तिच्याच इमारतीच्या पायरीवर निघताना मी आपटले तेवढंच. तिथलं पायपुसणं एका बाजूने उचललेलं आहे. मी तिला बजावलं, ते फेकून दे, तू पडशील. ती वरच्या पायरीवरून माझ्या पायाकडे बघत होती. पायपुसण्याकडे नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत बंदराच्या फाटकाशी गेले. बाकावर बसलो. मी एका दमात बोलले. तिने डबा बंद केला, झाकणाच्या कड्या दोन्ही बाजूंनी नीट लावल्या.

“माझी नळी तू उघडलीस?”

“मोजली.”

“मी फॉर्मवर काय लिहून दिलं होतं?”

मी म्हटलं, माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस. ती म्हणाली, नसतं केलं. समोर दुसरी क्रेन काम करत होती, ती कंटेनर उतरवीपर्यंत बघत राहिली.

“किती आहे?”

मी सांगितलं. जवळजवळ पाचपट.

“मग झटका कधी येणार?”

ते कुणालाच सांगता येत नाही, मी म्हटलं. उद्या, किंवा दहा वर्षांनी, किंवा कधीच नाही. नुसता आकडा आहे. आणि हे म्हणताना माझं मलाच कळलं की गेले सतरा दिवस मी असं एकदाही मनाशी म्हटलं नव्हतं.

“माझ्याखाली माणसं असतात, ताई,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि फाटकातून आत गेली.

३१ मार्च, सोमवार

तिने केबिन सोडली. आज सकाळी मुकादमाला जाऊन सांगितलं की प्रकृतीची शंका आहे, मला वर पाठवू नका. तो म्हणाला, डॉक्टरांचा कागद आण, महिनाभर सुट्टी घे, मग बघू. ती म्हणाली, सुट्टी नको, खाली काम द्या. गोदामाच्या कचेरीत बसवलंय, आलेल्या कंटेनरचे नंबर यादीशी ताडायला.

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला लिहू. आज रजा होती, दुपारी तीन तास गाढ झोपले. उठल्यापासून मात्र उगाच कपाटं आवरते आहे.

१४ एप्रिल, सोमवार

धाकटी फोन उचलते, बोलते. ‘ठीक’ म्हणते. पूर्वी ‘कशी आहेस’ विचारलं की चिडायची, आता चिडत नाही. ते मला बोचतंय. कचेरीला एकच खिडकी आहे आणि ती भिंतीकडे उघडते, असं तिने सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून.

आवाज ऐकून वाटतं, माझंच बरोबर होतं, आत काहीतरी चालू असणार, म्हणूनच ती अशी विझलीय.

चष्मा करायला गेले होते. उजव्या डोळ्याला लाल रंग फिका दिसतो, रंग धुऊन निघालेल्या टोमॅटोसारखा. चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हल्ली कुणाला आपलं काम धड करायला नको. गरम पाण्याने अंघोळ केली की उजवा पाय कापसाचा होतो. चाळिशी उलटून सहा वर्षं झाली, आणखी काय व्हायचं.

२६ एप्रिल, शनिवार

धाकटी आपणहून घरी आली. मी खूश झाले. चहा करत होते, तर ती ओट्याला टेकून उभी. कपात चहा गाळताना थोडा बाहेर सांडला. ती म्हणाली, थांब, मी गाळते. मग सहज विचारावं तसं विचारलं, “गरम पाण्याने अंघोळ केली की काय होतं गं?”

मला वाटलं ती स्वतःचं विचारते आहे. मी तिला नीट समजावलं, उष्णतेने मज्जातंतूंचं काम मंदावतं, थंड झाल्यावर परत येतं, एमएसच्या माणसाला हे होतंच, घाबरायचं नाही. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, मी आहे ना.

नंतर ती आणि हे गच्चीत बराच वेळ बोलत उभे होते. मी गेले तर गप्प झाले. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे, त्याची काही खलबतं असतील. यांना गुपित कधी पोटात ठेवता येत नाही, कान लाल होतात. या वेळी मात्र कान लाल नव्हते, चेहराच पडलेला होता.

४ मे, रविवार

सकाळी धाकटी आली. बसली नाही. टेबलावर एक पाकीट ठेवलं. मोठ्या बाईंच्या सहीचं पत्र होतं. धाकटीने मागच्या आठवड्यात त्यांना लिहून दिलं होतं, माझं मत बदललं, माझा आकडा मला हवा. फॉर्म प्रत्येकाला कधीही बदलता येतो आणि लेखी मागितलं तर आकडा अभ्यास संपायच्या आधीही देतात, नियमात आहे.

पत्रात आकडा होता ५१२.

मी पंधरा मिनिटं भांडले. कुणाशी ते माहीत नाही. यंत्र चुकलं असेल, पट्टीने चिठ्ठ्या उलट लावल्या असतील, बाई चुकीची ओळ वाचत असतील. धाकटी मला बोलू देत होती. मी थांबल्यावर तिने विचारलं:

“ताई, त्या दिवशी आधी कोण झोपलं होतं?”

“तू. मी तुझा हात धरला होता.”

“मी आले तेव्हा तू उताणी पडलेली होतीस. पडद्याच्या पलीकडून बोलत होतीस. मी तुला गप्प बस म्हटलं.”

मी आत आले. कपाटातून ही वही काढली आणि नऊ जानेवारी उघडलं. माझंच अक्षर आहे. आधी मी झोपले होते, म्हणजे १७-अ मी. पान हातात धरून पलंगावर बसले. हे दारात येऊन उभे राहिले, मागे धाकटी.

“पाय कधीपासून?” तिने विचारलं.

“कुठला पाय?”

“उजवा,” हे म्हणाले.

५ मे, सोमवार

बाईंना सगळं सांगितलं, अकरा मार्चपासून. मग म्हणाल्या की माझी नळी पुन्हा मोजायला दुसरीकडे पाठवली होती. मी ‘कळवावा’ वर खूण केली होती आणि आकडा इतका असला की अभ्यास संपायची वाट बघत नाहीत. या आठवड्यात त्या मला बोलावणारच होत्या. दुसऱ्या मोजणीतही तेच आलं. मेंदूचं एमआरआय लवकर करून घ्या म्हणाल्या. आणि चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत यायचं नाही.

मी किल्ली ठेवायला गेले. पट्टी फ्रीझरशी उभा होता. त्याला सतरा मार्चपासून माहीत होतं. ताप उतरून आल्या दिवशी त्याने यंत्राची नोंद पाहिली, कुणी, कधी, कोणत्या नळ्या. त्याला म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो होतो. सांगितलं असतं तर त्याच दिवशी क्रम तपासला असता, असंही म्हणाला. त्याला टोचून बोलायचं नव्हतं, तो फक्त अचूक बोलत होता. माझ्या मात्र वर्मी लागलं.

म्हणजे मी सतरा मार्चलाच सांगितलं असतं तर धाकटीची केबिन वाचली असती.

९ मे, शुक्रवार

घरात बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. पाय फरशीवर टेकतो तेव्हा मोजा घातल्यासारखा वाटतो आणि मोजा घातलेला नसतो. इतके दिवस हे मी कुणाच्या नावावर खपवत होते?

धाकटीची केबिन दुसऱ्याला दिली आहे. प्रकृतीच्या कारणाने आपणहून सोडली की वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागतं. मंडळ विचारतंय, मार्चमध्ये कोणती शंका होती आणि आता ती कुठे गेली? तिच्याजवळ उत्तर आहे, पण ते ती देत नाही. दिलं तर माझं नाव येतं. यांच्याकडून कळलं मला हे, ती बोललीच नाही. तिने मंडळाला लिहून दिलंय, ‘माझा गैरसमज झाला होता.’ गैरसमजावर कुणी चाळीस टन उचलणाऱ्या क्रेनचा दांडा हातात देत नाही.

१२ मे, सोमवार

मंडळाला पत्र दिलं. कोणाच्या परवानगीशिवाय कोणाच्या नळ्या मोजल्या, आकडा कसा चुकीच्या माणसाला चिकटवला, कुणाला सांगितलं, तारखांसह. बाईंना आधी दाखवलं. त्या म्हणाल्या, हे गेलं की चौकशीला काही उरत नाही, तुम्ही परत येणार नाही. मी म्हटलं, कळलं. बावीस वर्षांत मला त्या पहिल्यांदा माझ्या नावाने हाक मारून, बसा, म्हणाल्या. मी बसले नाही, कारण बसले असते तर रडले असते.

पोस्टाच्या खिडकीशी दोनदा रांगेतून बाहेर पडले आणि दोनदा परत उभी राहिले. मागची बाई वैतागली.

१६ मे, शुक्रवार

एमआरआयमध्ये चार ठिपके. एक जुना. बाई म्हणाल्या, मोठा झटका यायच्या आधी सापडलं, औषध लगेच सुरू करू, ही चांगली बाजू आहे. मी हीच वाक्यं लोकांना सांगितली आहेत, बहुतेक याच क्रमाने.

धाकटी आली होती. बाहेरच्या खोलीत दोन तास एकच मासिक वाचत होती. हात धरला नाही, पाठीवर थोपटलं नाही. परतताना गाडी तिनेच चालवली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, “क्रेनचं मी विसरलेले नाही.” मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, पहिले तीन महिने दुपारी झोपत जा, काही लाज वाटून घेऊ नकोस. हिरवा लागला.

२९ मे, गुरुवार

आज धाकटीची चाचणी होती. मला येऊ नको म्हणाली होती. मी गेले आणि फाटकाबाहेरच्या बाकावर बसले. लिफ्टपर्यंत ती दिसली, मग शिडीवर नारिंगी जाकिटाचा ठिपका, मग काचेआड काहीच नाही. खाली मंडळाची तीन माणसं हातात कागद घेऊन. कंटेनर उचलला, ट्रकवर ठेवला. परत उचलला, परत ठेवला. सहा वेळा. शेवटचा ठेवला तेव्हा ट्रक हललासुद्धा नाही.

तासाभराने ती बाहेर आली. मी बसलेली पाहून कपाळाला आठी घातली, पण आली आणि शेजारी बसली. पास झाली. सोमवारपासून वर. दर तीन महिन्यांनी तपासणी. मंडळाच्या डॉक्टरांनी माझं पत्र तिला दाखवलं होतं.

“सगळं लिहिलंस तू,” ती म्हणाली.

ती हातमोजे काढून मांडीवर सरळ करत बसली.

“एक सांगू? बाईंचं पत्र उघडलं ना, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. आकडा माझा नाही म्हणून. मग तो कुणाचा ते लक्षात आलं. पण आधी हायसं वाटलं. चांगलं मिनिटभर.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस मी या वहीत कधी लिहिलेला नाही, कुठल्याच वहीत नाही. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते आणि मनात जे पहिलं वाक्य आलं ते मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही. आज सांगितलं, तिलाच.

“तुझा रिपोर्ट आला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, मी नाही. याच शब्दांत.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“त्या आठवड्यात तू सात दिवस सूप आणलंस. सातही दिवस. कोणी उगाच सात दिवस सूप आणत नाही, ताई.”

मला हसू आलं. मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ती बसून राहिली. मी डोळे पुसले तेव्हा तिने विचारलं, “पाय कसा आहे?”

ठीक आहे म्हणणार होते. तोंडावर आलंच होतं.

“बधिर आहे,” मी म्हटलं. “भीती वाटते.”

“हं,” ती म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो, तिची जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.